आधी माग, मग मुक्काम

भारतात राजवाड्याचं हॉटेल होतं ते बहुधा पैशांची ओढाताण सुरू झाल्यावर. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्ये हॉटेल झाला, उदयपूरचा लेक पॅलेस १९६३ मध्ये. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि तोवर ज्यांनी या धंद्याला नाक मुरडलं होतं, त्यांनीही दिवाणखान्यातल्या वाघांवरची धूळ झटकून दारं उघडली. छप्पर गळतंय, नोकरचाकर कमी झालेत, बागेला पाणी घालायला माणूस नाही, तर द्या काही खोल्या भाड्याने. यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त त्या वाड्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गावाला यातून काय मिळणार, हा प्रश्न हिशेबात फारसा नसायचा. गाव म्हणजे पाहुण्यांना गच्चीवरून दिसणारा देखावा.

नर्मदेकाठच्या महेश्वरात गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू झाली. तिथे किल्ल्यात हॉटेल आलं २००० साली, पण त्याच्या वीसेक वर्षं आधी हातमाग परत आले होते.

मराठी वाचकाला महेश्वर नवं नाही. चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि इंदूर सोडून नर्मदेच्या या काठी राजधानी आणली. पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ मुलगा मालेरावही गेला. त्यानंतरची जवळजवळ तीन दशकं, १७९५ पर्यंत, माळव्याचा राज्यकारभार या घाटांवरून चालला. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला परतली आणि महेश्वर मागे राहिलं. राजधानी गेलेल्या गावाचं जे होतं तेच झालं. घाट राहिले, देवळं राहिली, किल्ला राहिला. दरबारातून येणारं काम थांबलं.

त्यात सगळ्यात मोठा फटका विणकरांना बसला. अहिल्याबाईंनी बाहेरून कसबी विणकर आणून इथे वसवले, असं परंपरा सांगते. पाहुण्यांना, नातलगांना भेट द्यायला पातळं लागत, पागोटी लागत. पुढे राजाश्रय आटला, गिरणीचं कापड आलं, मग पॉवरलूम आले. एकेका घरातला माग अडगळीत गेला.

महेश्वरी लुगडं हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. म्हणून अंगावर हलकं आणि उन्हाळ्यात सोसवणारं. अंग बहुतेक साधं, नाहीतर बारीक चौकडी किंवा पट्टे. सगळा जीव काठात. आणि काठावरची नक्षी कुठून आली हे पाहायचं तर किल्ल्याकडे मान वर करायची: भिंतीवरची वीट, चटईची वीण, हिरा, नर्मदेची लहर. दगडात कोरलेलं तेच पुढे धाग्यात उतरलं. काही काठ असे विणलेले असतात की लुगडं दोन्ही बाजूंनी नेसता येतं, उलटं-सुलटं काही नाही. किल्ला पडला असता तर विणकरांचा नमुन्यांचा खजिना गेला असता, आणि विणकर गेले असते तर किल्ल्यावरच्या नक्षीला ओळखणारं कुणी उरलं नसतं. इमारत आणि कसब यांची गाठ इतकी घट्ट क्वचितच सापडते.

शेवटचे सत्ताधीश यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पुत्र शिवाजीराव, जगाला ठाऊक असलेलं नाव रिचर्ड होळकर, आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली यांनी १९७९ मध्ये ‘रेहवा सोसायटी’ सुरू केली. ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था, मागावर बसणाऱ्या बहुतेक बाया. हे महत्त्वाचं आहे, कारण परंपरेने मागावर पुरुष बसत. बायकांच्या वाट्याला कांड्या भरणं, सूत उकलणं अशी पूर्वतयारीची कामं येत, जी मजुरीत धरलीच जात नसत. इथे बाईच मागावर बसली आणि तिच्या हातात तिची मजुरी पडली. संस्थेने नवे रंग आणले, जुने काठ शोधून काढले, लुगड्यांबरोबर ओढण्या आणि स्टोल विणायला घेतले, दिल्ली-मुंबईचं गिऱ्हाईक मिळवलं. विणकरांसाठी घरं बांधली, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे सॅली होळकरांनी ‘विमेनवीव्ह’ ही वेगळी संस्था काढली. तिने महेश्वरात सुती खादीचं काम उभं केलं आणि तरुण विणकरांना धंद्याचं शिक्षण देणारी शाळाही.

एक गंमत म्हणजे या दांपत्याने लुगड्यांच्या आधी पाककृतींना हात घातला होता. संस्थानिकांच्या मुदपाकखान्यांतले पदार्थ गोळा करून त्यांनी १९७५ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. हॉटेल निघाल्यावर त्याचा उपयोग झालाच.

ते हॉटेल म्हणजे ‘अहिल्या फोर्ट’. अहिल्याबाईंचा वाडा आणि त्याभोवतीच्या इमारती मिळून वीसच्या आत खोल्या. बुटीक हॉटेल म्हणतात ते हेच: मोजक्या खोल्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, आणि घरी पाहुणा आल्यासारखी सरबराई. भाज्या बऱ्याचशा आवारातल्याच मळ्यातल्या. जेवणाची जागा रोज बदलते. कधी चौकात, कधी बुरुजावर. शिवाय नावेतून नदीत फेरफटका. खोलीतल्या पडद्या-पांघरुणांवर गावातल्या मागांची खूण दिसते आणि पाहुण्यांना रेहवाचे माग दाखवायला नेलं जातं. ते किल्ल्यातच, चालत जाण्याच्या अंतरावर.

भाडं मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. महेश्वरातला नावाडी किंवा मागावरची बाई इथे पाहुणी म्हणून राहणार नाही. मग या हॉटेलाला गावाचं म्हणायचं कशाच्या जोरावर? उत्तर शोधायचं तर खोल्यांपेक्षा किल्ल्याच्या दाराकडे पाहावं लागतं. हॉटेल झालं म्हणून किल्ला गावाला बंद झाला नाही. राजवाड्याचा भाग सगळ्यांना खुला आहे. अहिल्याबाईंची गादी तिथे आहे, आणि राजवाडा म्हणावा इतकी ती जागा भपकेबाज नाही. लाकडी खांबांचा, कौलारू, कुठल्याही मराठी सरदाराच्या वाड्यासारखा सोपा. जवळच रोज सकाळी लिंगार्चन चालतं. पुजारी काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगं पाटांवर ओळीने वळत जातात, हजारोंच्या संख्येने, पूजा करतात आणि सगळी माती नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा नेम आहे. हजारो रुपये मोजून राहिलेला पाहुणा आणि निमाडातल्या खेड्यातून बसने आलेली आजी एकाच ठिकाणी उभे राहून ते पाहतात. हॉटेलवाल्याने हे दार लावून घेतलं असतं तर पाहुण्याला अधिक निवांत वाटलं असतं, यात शंका नाही. पण मग ‘अहिल्या’ हे नाव पाटीपुरतं राहिलं असतं.

महेश्वरात सगळं गोडीगुलाबीने चाललंय असंही नाही. होळकरांच्या खासगी मालमत्तेतले देशभरचे घाट, देवळं, धर्मशाळा सांभाळण्यासाठी १९६२ मध्ये ‘खासगी ट्रस्ट’ झाला. त्यातल्या काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद पेटला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असल्याचं सांगून त्याला नोंदणी करायला लावली. हा खटला हॉटेलाबद्दल नव्हता. पण वारसा कुणाचा, राजघराण्याचा की सरकारचा की ज्यांची श्रद्धा तिथे जडली आहे त्या लोकांचा, हा प्रश्न जुन्या वास्तूत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहतोच.

आता थोडं भिंतींविषयी, कारण अशा प्रकल्पांचा बराचसा पैसा आणि बरीचशी डोकेदुखी तिथेच असते. जुनी वास्तू चुन्यात बांधलेली असते. चुना भिजवून मुरवायचा, त्यात वाळू आणि विटांची सुरकी घालायची, चुन्याच्या घाणीत बैलाने फिरवलेल्या दगडी चाकाखाली ते दळायचं. चिकटपणासाठी गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळ. हा चुना सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडत राहतो. घाईतला कंत्राटदार त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो. दोन पावसाळे भिंत चकाचक दिसते. मग आत कोंडलेली ओल क्षार घेऊन बाहेर यायला बघते, वीट भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पोपडे खाली येतात. म्हणजे दुरुस्तीनेच भिंत खाल्ली. चुना घोटणारा गवंडी आणि जुनी तुळई न कापता जोड देणारा सुतार हे दोघे गावात टिकवायचे असतील तर त्यांना वर्षभर काम लागतं. हॉटेल हे काम देऊ शकतं, कारण जुन्या इमारतीची दुरुस्ती कधी संपतच नाही.

त्याहून नाजूक बाब न्हाणीघरांची. ज्या वाड्यात शंभर वर्षं परसात एकच न्हाणी होती, तिथे खोलीगणिक शॉवर आणि कमोड बसवायचा म्हणजे लाकडी पटईवर पाण्याचा भार आणि भिंतीतून नळ. एक जोड गळला की खालच्या मजल्याची तुळई कुजायला लागते, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय एवढ्या खोल्यांचं सांडपाणी कुठे सोडणार? नदीकाठच्या हॉटेलाला गावाबद्दल किती आस्था आहे हे जाणून घ्यायचं असेल तर त्याचं माहितीपत्रक बाजूला ठेवून मागचं गटार पाहावं.

महेश्वरचीच कथा कोकणात, सावंतवाडीत, वेगळ्या रंगात घडली आहे. मोती तलावाच्या काठचा तो जांभ्याचा लाल राजवाडा मुळात तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. तिथेही आधी कसब आलं आणि खोल्या मागाहून. सावंतवाडीची ओळख असलेले गंजिफे, म्हणजे हाताने रंगवलेले वाटोळे पत्ते, १९६०च्या आसपास जवळजवळ संपले होते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, असा १२० पानांचा संच. मोगली संचात आठ रंग म्हणून ९६. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर एवढी पानं रंगवणार कोण? राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या ऐंशी ओलांडलेल्या कलाकाराला गाठलं आणि त्यांच्याकडून हे काम स्वतः शिकून घेतलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं आणि राजवाड्याच्या दरबारातच चित्रकारांची बैठक पडली.

दरबारात कलावंत बसवणं ही शोभेची कल्पना वाटू शकते. प्रत्यक्षात तिथे मांडी घालून बसलेली मंडळी तळहातावर मावेल एवढ्या पानावर मत्स्यावताराचे खवले एकेक करून रंगवतात. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेलं पान, घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, वर लाखेची झिलई, असा मूळचा घाट. ब्रश इतका बारीक की श्वास रोखून रेघ ओढावी लागते. पाहुणे समोर उभे राहून पाहतात, विचारतात, विकत घेतात. रांगोळीच्या स्पर्धेसारखं दोन तासांचं प्रात्यक्षिक नव्हे हे. रोजचं काम, पगाराचं.

सत्वशीलादेवींचं २०१८ मध्ये निधन झालं. पुढच्या पिढीने, युवराज लखमराजे आणि युवराज्ञी श्रद्धाराजे भोसले यांनी, राजवाड्याच्या आवारात काही मोजक्या खोल्यांचं ‘आर्ट हॉटेल’ सुरू केलं आणि खोल्यांच्या सजावटीत गंजिफ्यातले अवतार आणले. म्हणजे जे चित्रकार पत्ते रंगवत होते, त्यांची कला भिंतींवरही गेली. गंजिफा खेळणारे आज फार उरलेले नाहीत. भेटवस्तू म्हणून विकला जाणारा संच किती खपेल यालाही मर्यादा आहे. हॉटेलामुळे त्याच हातांना आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, आणि तेही अंगणातच.

सावंतवाडीकरांनीच सतराव्या शतकात बांधलेला आणखी एक कोट पुढे हॉटेल झाला: तेरेखोल. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला, म्हणून तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा फडकवला. नंतर आत हॉटेल झालं आणि त्याच्या सात खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं दिली गेली. कल्पना खट्याळ आहे, पण मंगळवारी राहिलात की गुरुवारी हे सांगण्यापेक्षा त्या सत्याग्रहाबद्दल सांगण्यासारखं त्या तटबंदीत बरंच जास्त होतं.

जिथे राजघराणंही नाही आणि कसबही आधीपासून नाही, तिथे काय? दिल्ली–जयपूर रस्त्यावरचा नीमराणा हे त्याचं गाजलेलं उदाहरण. १४६४ सालचा किल्ला, अवशेष झालेला. १९८६ मध्ये अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग या दोघांनी, शेखावाटीच्या रंगवलेल्या हवेल्यांवर काम करता करता, तो मित्रांच्या मदतीने विकत घेतला आणि स्थानिक गवंडी-कारागिरांना घेऊन दुरुस्त करत १९९१ मध्ये काही खोल्यांनिशी खुला केला. अवशेषातूनही हॉटेल उभं राहतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि देशभरच्या पडक्या हवेल्यांच्या मालकांना धीर आला. पण नीमराणाच्या खोल्या वाढत वाढत सत्तरच्या पुढे गेल्या. खोल्या वाढल्या की लग्नं येतात, बसगाड्या येतात, आणि मग किल्ला गावाचा शेजारी न राहता गावावरचा बाजार होऊ लागतो. महेश्वरच्या वीसच्या आतल्या खोल्यांमागे धोरण किती आणि जागेची अडचण किती हे बाजूला ठेवलं, तरी संख्या लहान राहिल्याचा फायदा तिथे दिसतो.

इटलीत या प्रश्नावर निराळाच तोडगा निघाला. आब्रुत्सोच्या डोंगरातलं सांतो स्तेफानो दि सेसानियो हे माणसं सोडून गेलेलं गाव. दानिएले किलग्रेन या उद्योजकाने तिथली घरं घेऊन हॉटेलाच्या खोल्या गावभर विखुरल्या. स्वागतकक्ष एका घरात, खोली तिसऱ्या गल्लीत, नाश्ता चौकाजवळ. पाहुण्याला गावातून चालल्याशिवाय गत्यंतर नाही. वाटेत दुकान लागतं, माणूस भेटतो.

महाराष्ट्रात मात्र हा विषय निघाला की लोकांना आठवतो तो सप्टेंबर २०१९. राज्यातले २५ किल्ले पर्यटनासाठी, हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली आणि एकच गहजब उडाला. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर लग्नाचे मांडव पडणार, असं चित्र लोकांसमोर उभं राहिलं. सरकारने घाईघाईने खुलासा केला की महाराजांच्या इतिहासाशी निगडित, संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही. विषय फक्त दुसऱ्या वर्गातल्या, असंरक्षित किल्ल्यांचा आहे. संताप राजकीय होता असं म्हणून तो सोडून देणं सोपं आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला, वर्षानुवर्षं श्रमदानाने टाक्यांतला गाळ काढणाऱ्या मंडळांना, या आखणीत जागा कुठे होती? आधी कुणाशी बोलायचं हेच चुकलं होतं. गडाच्या घेऱ्यात आजही पिठलं-भाकरी करून देणारी घरं आहेत. मुक्कामाची सोय त्यांच्या ओसरीवर वाढवायची की वर बुरुजावर वातानुकूलित तंबू ठोकायचे, यावर गावाशी बोलणं झालं असतं तर वादाचं स्वरूप तरी निराळं असतं.

किल्ल्यांपेक्षा खरी संधी वाड्यांत आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या नियमांनुसार १९५० पूर्वी बांधलेली, निदान पाच खोल्या देऊ शकणारी वास्तू ‘हेरिटेज हॉटेल’च्या मूळ श्रेणीसाठी अर्ज करू शकते. पाच खोल्या तर वाई, नाशिक, पैठण, सातारा, अशा कुठल्याही जुन्या गावातल्या मध्यम वाड्यात निघतात. गावाजवळ विणकर, तांबट, मूर्तिकार असे लोक आहेत. पैठणात तर पैठणीच आहे.

अडतं ते कागदावर. वाड्याच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची नावं असतात. त्यातले दोघे अमेरिकेत, एकाचा पत्ता कुणाला माहीत नाही, एक आत्या सही करायला तयार नाही. दर्शनी भागात पिढीजात भाडेकरू, ज्यांच्या महिन्याच्या भाड्यात चहाचे दोन कपही येत नाहीत, आणि ज्यांना हलवायचं तर त्यांची पर्यायी सोय करणं हा कायद्याचा आणि माणुसकीचा, दोन्हींचा भाग आहे. अशा वाड्यावर कर्ज द्यायला बँक कचरते, कारण तारण कुणाचं हेच ठरत नाही. तेवढ्यात एक विकसक येतो, सगळ्या वारसांना एकेक फ्लॅट आणि भाडेकरूंनाही एकेक देण्याचं कबूल करतो, आणि वर्षभरात कडीपाटाचं लाकूड भंगार बाजारात जातं. त्यातले कोरीव खांब मग एखाद्या रिसॉर्टच्या प्रवेशद्वारात उभे केलेले दिसतात, ‘पारंपरिक वातावरण’ म्हणून.